‘तराजू’चे दोन पत्ते

२९ ऑक्टो., बुध.

स्वतःच्या हातानं केलेलं, आठवेल तसं. सायकलच्या दुकानात कामाला होतो तेव्हाचा बॅटरी चार्जर, अजून चालतो. पाण्याच्या मोटारीचं वाइंडिंग. पहिलं जळालं, दुसरं टिकलं. अल्युमिनियमच्या पट्ट्यांचे टीव्ही अँटेना, एकेकाळी आमच्या गल्लीत नऊ छतांवर माझेच होते. शटर सोडलं तर माझं अख्खं रिपेअरीचं दुकान, टेबलांसकट. शेठच्या कापूस-जिनिंगचं नेटवर्क: कारखान्यातलं, शहरातल्या पेढीवरचं, दोघांना जोडणारा गच्चीवरचा रेडिओ. एकूणएक वायरीचं टोक मी दाबलेलं. सर्व्हरचं कपाट, पत्र्याच्या जुन्या धान्यकोठीचं, मागं दोन पंखे. चिठ्ठीचा प्रोग्रॅम: साडेसहा महिने, शेजारी डिक्शनरी उघडी ठेवून.

यादी करायचं कारण. आज पेढीवर नागपूरच्या एका कंपनीचे चौधरी नावाचे साहेब बसले होते. मला विचारलं, “आपलं क्वालिफिकेशन?” म्हटलं, “दहावी. पास.” शेठ हसले. मीही हसलो, पण जरा उशिरा.

भानगड अशी की सोमवारपासून पेढीवरून सर्व्हर कधी दिसतो, कधी नाही. रविवारी लाभपंचमीला वजनकाट्याचं पूजन झालं, सोमवारी हंगाम सुरू, आणि सोमवारीच हे सुरू. विद्याताई पेढीवर चिठ्ठी करतात (गाडी नंबर, कापसाची प्रत, भाव), ती कारखान्यातल्या सर्व्हरवर जाते, तिथं सुपडाभाऊ ती उघडून काट्यावर गाडी घेतात. चिठ्ठी गेली नाही की गाडी यार्डातच उभी. आज एका वेळी सतरा उभ्या होत्या. दोन शेतकरी वैतागून दुसऱ्या जिनिंगकडे वळले.

शेठ म्हणाले, “भाऊ, सोमवारतक देखो. नाहीतर हे साहेब म्हणतात, सगळं काढून नवीन बसवून देतो.”

अकरा वर्षं ही यंत्रणा माझ्या हातची आहे. एकदाही “सगळं काढून” हा शब्द ऐकला नव्हता.

३० ऑक्टो., गुरु.

पहिला संशय रेडिओवर. पेढीच्या गच्चीवर चढलो. गुडघा बोलतो आता. सिग्नल उणे ५८; वहीत गेल्या वर्षीचा आकडा पाहिला, उणे ५८. खांब हललेला नाही, नट घट्ट. खोक्यामागं पारव्याचं घरटं, दोन अंडी. हलवलं नाही, त्याचा सिग्नलशी संबंध नाही.

वर बसून सर्व्हरला दोन तास सतत हाक मारत ठेवली, सेकंदाला एक. ७२०० पैकी ७१९९ परत आल्या. एक हरवली, तीही वेळेसकट लिहून ठेवली.

म्हणजे रस्ता स्वच्छ. पण त्याच दोन तासांत खाली विद्याताईंचा प्रोग्रॅम दोनदा म्हणाला, सर्व्हर सापडत नाही. त्याच वेळी! मी वर हाका मारतोय, तो ओ देतोय, आणि खाली म्हणे सापडत नाही.

विद्याताई जिन्यातून ओरडल्या, “भाऊ, तुमी वरतं पारवे राखून राह्यले, अठी माह्या डोक्यावर गाडीवाले बसले!” त्यातला एक सोनाळ्याचा. पहाटे निघालेला. मी खाली आलो तर मला म्हणतो, “काऊन हो, तुमचं मशीन उपाशी हाये का? आमी जेवून आलो, त्याले बी द्या काहीतरी.”

हसलो. पण तो एक वाजेपर्यंत उभा होता.

३१ ऑक्टो., शुक्र.

केबल बदलली. स्विच बदलला. काही फरक नाही. असं काहीही बदलून पाहणं मला आवडत नाही, ते गेलेलं बटन शोधायला सगळं घर उपसण्यासारखं आहे. पण आज केलं. शेठ पाहत होते, हात रिकामे दिसायला नकोत म्हणून. हे लिहून ठेवतो, म्हणजे लाज राहील.

दुपारी मात्र एक गोष्ट हाती लागली, आणि ती मी नाही शोधली. विद्याताईंनी टेबलावरच्या पंचांगाच्या समासात खुणा करून ठेवल्या होत्या. चाललं की टिंब, नाही चाललं की फुली, शेजारी वेळ. विचारलं, कशासाठी? “शेठले दाखवाले. मीच टाइमपास करून राह्यली असं वाटू नये म्हून.”

त्या खुणा मी वहीत उतरवून घेतल्या. १०.०५ ते १०.२५ टिंबं. १०.२५ नंतर फुल्या. १०.४५ ला परत टिंब. मग ११.२५ पर्यंत टिंबच. मग फुल्या, ११.४५ पर्यंत.

वीस. वीस. चाळीस. वीस.

सैल वायर वीस मिनिटं मोजत नाही. ऊन, वारा, पारवा, कोणीच वीस मिनिटं मोजत नाही. हे कुणीतरी मोजून करतंय. घरी जेवताना बोटं मोजत बसलो तर सौ. म्हणाली, “घास मोजून ऱ्हायले का?”

१ नोव्हें., शनि.

सापडलं. म्हणजे अर्धं.

परवा गच्चीवरून मी हाक मारली ती आकड्यानं. प्रोग्रॅम हाक मारतो नावानं. सर्व्हरचं नाव मी अकरा वर्षांपूर्वी ठेवलं ‘तराजू’. नाव दिलं की त्याचा पत्ता सांगणारी एक नामसेवा असते, ती त्याच सर्व्हरवर बसवलेली आहे. डीएनएस. आज नावानं हाक मारली. टिंबाच्या वेळी उत्तर १०.५ वरून (शेवटचे दोनच आकडे लिहितो, पुढचे सगळीकडे सारखे आहेत). फुलीच्या वेळी? उत्तर नाही, पण पडद्यावर लिहिलं होतं की हाक ७७.५ ला चालली आहे.

७७.५! हा कोण?

नामसेवेलाच सरळ विचारलं, तराजूचा पत्ता सांग. तिनं दोन सांगितले. १०.५ आणि ७७.५. परत विचारलं, दोन्ही सांगितले, पण उलट्या क्रमानं. परत विचारलं, सुलट. पंचवीस वेळा विचारलं. दर वेळी आलटून पालटून. ज्याला जो पत्ता आधी मिळाला तो त्याच दारावर जातो.

आणि वीस मिनिटं? पत्त्यासोबत तो किती वेळ खरा मानायचा तेही सांगितलेलं असतं. बाराशे सेकंद. म्हणजे विद्याताईंचा संगणक एकदा जो पत्ता ऐकतो तो वीस मिनिटं धरून बसतो, मग परत विचारतो. नशिबानं परत तोच आला तर चाळीस.

मी खुर्चीवरून उठून दोन फेऱ्या मारल्या. इतकं नेमकं जुळलं की आनंदच झाला, यार्डात गाड्या उभ्या असताना.

विद्याताईंना सांगितलं. ऐकून घेतलं, मग म्हणाल्या, “म्हंजे एका मानसाची दोन घरं. एक गावात, एक वावरात. पावना इचारते, कोठी राह्यते? कोनी गावातलं सांगते, कोनी वावरातलं. आन् वावरातल्या घराले कुलूप.”

“बरोबर.”

“मंग कुलूप पाहून पावनं गावात काऊन येत नाही? पावनं येडं हाये का?”

प्रश्न वहीत उतरवून घेतला. प्रोग्रॅम माझा आहे.

आणखी एक अडकलं आहे. कारखान्यात सुपडाभाऊंना एकदाही फुली आली नाही. तेही त्याच नामसेवेला विचारतात. त्यांना दर वेळी बरोबरच कसं?

२ नोव्हें., रवि.

यार्ड बंद. सकाळी जुन्या वह्या काढल्या. तिसऱ्या वहीत सापडलं, तीन वर्षांपूर्वीचं: “काट्यावर कॅमेरा, चाचणी. सर्व्हरचं तिसरं भोक. पत्ता ७७.५. कॅमेरा शेठना नको. वायर काढली, नंतर पाहू.”

अक्षर माझंच. त्यात ‘नंतर पाहू’ला खालून रेघ.

कारखान्यात गेलो. कपाट उघडलं. सर्व्हरच्या पाठीला वायर लावायची तीन भोकं. पहिलं कारखान्याचं. दुसरं मी चिकटपट्टीनं बंद केलेलं. तिसरं रिकामं असायला पाहिजे. त्यात वायर, आणि हिरवा दिवा लुकलुकतोय. त्याच्या वर कुंकवाचं बोट, जरा खाली ओघळलेलं.

सुपडाभाऊंना बोलावलं. जवळच राहतात. काट्यावर बसून त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं झाली आहेत. काट्याची कुरकुर ते कानानं ओळखतात.

“ही वायर कुणी लावली?”

“म्याच.” चटकन. लपवाछपवी नाही. “पूजेसाठी सगळं काढलं, धूळ झाडली, पुसलं. परत लावाले गेलो तं हे एक वायर लोंबकळत होतं. देवापुढं असं तुटकं-उघडं ठेवत नाही ना भाऊ. तं रिकाम्या भोकात बसवलं.”

“विचारलं का नाही?”

“तुमीच तं सांगता, टक् वाजलं म्हंजे बरोबर बसलं. टक् वाजलं.”

अकरा वर्षं मीच सांगत आलो. टक् वाजलं म्हणजे बरोबर. वायरीचं दुसरं टोक काट्याच्या खोलीत, कॅमेऱ्यासाठी आणलेल्या एका खोक्यात. पूजेच्या दिवशी झाडपूस करताना त्याचीही पिन कुणीतरी बोर्डात खोचलेली. खोक्यातून पुढं कुठंच रस्ता नाही. पण दिवा लागला. दिवा लागला म्हणजे सर्व्हरला वाटलं माझं दुसरं दार उघडलं, आणि त्यानं नामसेवेत जाऊन आपण होऊन सांगितलं की मी इथंही राहतो. तशी खूण त्याच्या सेटिंगमध्ये असते: ‘हा पत्ता नोंदव’. आपण काढली नाही तर ती असतेच.

मग कारखान्यात फुली का नाही, ते तपासलं. लॅपटॉप घेऊन तिथूनच नामसेवेला चाळीस वेळा विचारलं. चाळीसही वेळा १०.५ आधी. म्हणजे विचारणारा ज्या गल्लीतला, त्या गल्लीतला पत्ता ती आधी सांगते! कारखाना दहाच्या गल्लीत. पेढी रेडिओपलीकडे, तिसाच्या गल्लीत, ती ना दहातली ना सत्त्याहत्तरमधली. म्हणून तिला आलटून पालटून. अकरा वर्षं ही वस्तू वापरतोय आणि ती एवढी शहाणी आहे हे मला माहीत नव्हतं. सुपडाभाऊंना मोठ्या उत्साहानं सांगितलं. ते म्हणाले, “घरच्याले घरचं ताट, पाव्हन्याले नशीब.”

‘हा पत्ता नोंदव’ची खूण काढली. यादीतून ७७.५ पुसला. पेढीवर जाऊन चारही संगणकांना ऐकलेलं विसरायला लावलं. पन्नास वेळा विचारलं, एकच पत्ता.

सुपडाभाऊ म्हणाले, “आता तरी काढू का ते वायर?” म्हटलं, राहू द्या. वायर काढून दोष गेला तर दोष सापडला असं होत नाही. वायर तिथं असूनही चाललं पाहिजे.

शेठना फोन केला: झालं. उद्या या आणि पाहा.

३ नोव्हें., सोम.

लिहावंसं वाटत नाही. तरी.

शेठ आले. चौधरीसाहेबही, बोलावलं होतं म्हणून. साडेदहापर्यंत सव्वीस चिठ्ठ्या सरळ गेल्या. विद्याताई टिंबावर टिंब देत होत्या. मी चौधरींना वीस मिनिटांची गंमत सांगत होतो, ते ऐकतही होते.

१०.५० ला कारखान्याकडची लाइट गेली. इन्व्हर्टरवर जायला वेळ लागला, सर्व्हर बंद होऊन परत सुरू झाला. ११.०४ ला फुली.

नामसेवेला विचारलं. दोन पत्ते. ७७.५ परत आला, मी खूण काढलेली असताना!

चौधरींनी घड्याळात पाहिलं. ते जास्त लागलं. शेठ म्हणाले, “भाऊ, तुम्ही तर बोलले झालं.” यार्डात एक गाडीवाला मोठ्यानं म्हणाला, “अरे, कागदावर लिहून द्या ना बाप्पा, चिठ्ठी म्हंजे चिठ्ठी!”

कारखान्यात पोचलो, २२ मिनिटं. हात वायरीकडे गेला होता. ओढली असती तर तिथंच संपलं असतं. सुपडाभाऊ शेजारी उभे. थांबलो. खूण तर नाही, मग सांगितलं कुणी?

पाऊण तास वाचलं. अखेर दिसलं. नामसेवा स्वतः सुरू होताना ज्या ज्या दारावर बसते, ते ते दार आपणच नोंदवते. सर्व्हरनं सांगो, न सांगो. ती खूण सर्व्हरच्या तोंडाला होती, नामसेवेच्या नाही. आणि काल मी सगळं केलं, पण सर्व्हर एकदा बंद करून चालू करून पाहिला नाही. गिऱ्हाइकाचा मिक्सरसुद्धा मी दोनदा चालू-बंद केल्याशिवाय देत नाही.

नामसेवेला सांगितलं, तू फक्त १०.५ वर बस. ७७.५ पुसला. मग तीन वेळा बंद, तीन वेळा चालू. एकच पत्ता. मग वायर काढली. टोकावर चिठ्ठी बांधली: ‘कुठंही लावू नये’. खाली सही.

१२.४० पासून टिंबं. संध्याकाळी साडेसहापर्यंत टिंबंच.

४ नोव्हें., मंगळ.

दिवसभर टिंबं. विद्याताईंनी खुणा करणं बंद केलं तर मी म्हटलं, चालू ठेवा. “आता काऊन?” “आठ दिवस तरी.” “पगार वाढवा मंग माहा.”

संध्याकाळी शेठनी बोलावलं. चौधरी तिथं नव्हते, पण टेबलावर त्यांच्या कंपनीचं रंगीत पुस्तक होतं.

“लिखके द्या भाऊ, काय झालं आणि कोणाची गलती. मला समजलं ते असं की सुपड्यानं वायर लावली. त्याला काट्यावरून काढून गेटवर बसवतो. बस, विषय खतम. तुमची यंत्रणा चांगली, हे मी त्या साहेबाला बोलून देतो.”

लिहून देतो म्हटलं.

असं लिहिलं तर माझं सगळं राहतं. यंत्रणा राहते, नाव राहतं. आणि खोटंही नाही. वायर त्यांनीच लावली.

५ नोव्हें., बुध.

तीनदा लिहिलं, तीनदा फाडलं. चौथ्यांदा असं:

लोंबकळती वायर तीन वर्षं मी सोडली होती. तिसऱ्या भोकाचा पत्ता मी दिला होता आणि काढला नाही. नोंदवायची खूण मी पाहिली नाही. नामसेवा सगळ्या दारांवर बसते हे मला माहीत नव्हतं. आणि चिठ्ठीचा प्रोग्रॅम पहिलाच पत्ता धरतो, तो बंद असला तर दुसरा पाहत नाही. तो मी लिहिला. सुपडाभाऊंनी रिकाम्या भोकात वायर बसवली, ती नीट बसवली.

शेवटचं वाक्य काढू का ठेवू, यात अर्धा तास गेला. ठेवलं.

सौ.ला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “पाच झाल्या. चूक कबूल करतानाबी मोजूनच करता.” मग जुडी बाजूला ठेवून, “त्या नागपूरवाल्याले आयतंच हातात देऊन ऱ्हायले.”

“हो.”

“बरं.” एवढंच. भाजीचे देठ उचलून आत गेली.

६ नोव्हें., गुरु.

कागद शेठना दिला. उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. “भाऊ, इतनं खरं कोणी लिहितो का? आता मी हे दाखवू की लपवू?” घडी घालून वरच्या खिशात ठेवला. सोचके सांगतो म्हणाले. पुढच्या गुरुवारी मुंबईहून त्यांचे बंधू येणार, तेव्हा ठरवतील, यंत्रणा ठेवायची की काढायची.

सुपडाभाऊ काट्यावरच आहेत. त्यांना कागदाचं कळलं असावं. कारखान्यात गेलो तर चहा सांगितला आणि बराच वेळ काट्याबद्दलच बोलत बसले, भरलेली गाडी चढली की काटा कसा आधी हुंकारतो आणि मग बोलतो. जाताना म्हणाले, “भाऊ, टक् वाजल्यावर बी इचारत जाईन आता.” म्हटलं, मीही.

७ नोव्हें., शुक्र.

दुकान अर्धा दिवस बंद ठेवून प्रोग्रॅम सुधारला. विद्याताईंचा प्रश्न सहा दिवस डोक्यात होता: पाहुणा कुलूप पाहून परत का येत नाही? आता येतो. पहिल्या दारी तीन सेकंद थांबतो, मग दुसऱ्या. घरी मुद्दाम एका नावाला दोन पत्ते दिले, एक खोटा. चाललं. मग तीन दिले, दोन खोटे. चाललं, पण सहा सेकंद लागले. मग वाटलं, दोन्ही दारांवर एकदमच टकटक केली तर? जे आधी उघडेल ते. हे केलं पाहिजे. कसं करायचं ते अजून माहीत नाही, पण होतं असं वाचलं.

ही यंत्रणा गुरुवारनंतर राहील की नाही ठाऊक नाही आणि मी तिला सुधारत बसलोय. सौ. म्हणाली, “पोरगी सासरी जायच्या आदल्या दिवशी तिले पोहायला शिकवून ऱ्हायले.”

९ नोव्हें., रवि.

पेढीवर जाऊन नवीन प्रोग्रॅम चढवला. मग कारखान्यात वायर मुद्दाम परत लावून, ७७.५ मुद्दाम परत नोंदवून पाहिलं. (सुपडाभाऊ दाराशी हात जोडून उभे, पेढीवरून फोनवर विद्याताई.) चिठ्ठी गेली. तीन सेकंद उशिरा, पण गेली. दहा वेळा. मग सगळं जागच्या जागी, सर्व्हर दोनदा बंद-चालू, वायरीला चिठ्ठी परत बांधली.

पारव्याची पिल्लं बाहेर आली आहेत. सिग्नल उणे ५८.

१० नोव्हें., सोम.

चौधरीसाहेब दुकानात आले. एकटे. स्टुलावर बसले, भिंतीवरचे स्टॅबिलायझर पाहत राहिले. माणूस वाईट नाही. चहा घेतला, कप स्वतः आत ठेवून आले.

कागद शेठनी त्यांना दाखवला होता. म्हणाले, “आमच्याकडे इंजिनियर आहेत, पण असं कुणी लिहीत नाही. तुम्ही आमच्यात या. जिल्ह्यातल्या आठ जिनिंगचं काम आमच्याकडे येतंय, सगळं तुम्ही पाहायचं. ही नववी.”

विचारलं, “हिच्यात माझी यंत्रणा राहील?”

“ती निघेल. पण माणूस तुम्हीच राहाल.”

आणि एक कागद काढला. शेठच्या बंधूंसमोर ठेवायचा, त्यावर माझी सही हवी. दोनच ओळी. ‘दोषाचे कारण : कालबाह्य यंत्रणा. उपाय : संपूर्ण बदल.’

मी म्हटलं, “साहेब, ७७ कुठून आला हे यात नाही.”

“त्यानं काय फरक पडतो? तुम्ही स्वतःच्या हातानं पाच चुका लिहून दिल्या. मी तर एकच लिहिलंय.”

“त्या पाच खऱ्या आहेत.”

ते हसले, चिडले नाहीत. “असं बघा, गुरुवारी शेठ आमच्याकडेच येणार. तेव्हा तुमच्या हातात काहीच नसेल. आज आहे.” हेही खरं असेल. बंधूंना मी पाहिलेलं नाही. अकरा वर्षांत शेठनी कागद खिशात घालून इतका वेळ घेतला नव्हता.

कागद परत त्यांच्याकडे सरकवला. जुनी यंत्रणा हे कारण नाही. जुनी वायर तीन वर्षं गप्प लटकत होती, तिनं काही केलं नाही. कारण काय ते मी लिहून दिलंय, क्रमानं, आणि त्यात यंत्रणा नाही, मी आहे. हे त्यांना नीट सांगता आलं नाही. एवढंच म्हटलं, “साहेब, चुकीच्या कारणावर सही होत नाही माझ्यानं.”

ते गेल्यावर सौ.नं विचारलं, काय म्हणत होते. सांगितलं. तिनं आकडा विचारला. सांगितला. तिनं दुकानाच्या उंबऱ्यातला केर लोटला. मग म्हणाली, “नाई म्हणून मोकळे झाले का?” म्हटलं, झालो. “गुरुवारचं काय?”

मी वही ओढली.

नाकारलं ते असं: आठ जिनिंग, ही धरून नऊ. महिना बेचाळीस हजार, पेट्रोल वेगळं.